संगणकाची कार्यप्रणाली बदलताना : जुने प्रोग्राम व जुने मराठी लेखन कसे राखावे

नांदगाव तालुक्यातील मनमाड जंक्शनात गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत दोन निरनिराळ्या रुंदीचे रूळ होते. मुंबईहून नांदगाव, चाळीसगाव व भुसावळकडे जाणारा मार्ग ब्रॉड गेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटर रुंदीचा. आणि तेव्हाच्या औरंगाबादकडे, आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाणारा मार्ग मीटर गेज, म्हणजे १,००० मिलिमीटर रुंदीचा. एका मार्गावरील डबा दुसऱ्यावर चढत नसे. धान्याची पोती हमालांनी एका वाघिणीतून दुसरीत टाकावी आणि उतारूंनी वळकटी उचलून गाडी बदलावी, असा क्रम कित्येक वर्षे चालला. पुढे मीटर गेज उखडून तेथे ब्रॉड गेज घालण्यात आला. तेव्हा जुने डबे त्या मार्गापुरते निरुपयोगी झाले. पोत्यांतील धान्यास मात्र काही झाले नाही.

शाळेतील संगणकाची कार्यप्रणाली, जिला व्यवहारात नुसते ‘विंडोज’ म्हणतात, ती बदलताना काय घडते हे समजण्यास हे उदाहरण पुरेसे आहे. कार्यप्रणाली म्हणजे रूळ. तिच्यावर चालणारे प्रोग्राम, म्हणजे लेखनाचा, निकालपत्रकाचा, छपाईचा, चित्रपाठ दाखविण्याचा, हे डबे. आणि शिक्षकांनी वर्षानुवर्षे लिहून ठेवलेल्या फाइली म्हणजे डब्यांतील माल. रूळ बदलले की काही डबे चालतील व काही चालणार नाहीत. परंतु माल सुरक्षित राहिलाच पाहिजे. पुष्कळ ठिकाणी होते ते उलटेच. डबा चालावा म्हणून सर्व धडपड होते, आणि त्या गडबडीत मालच रुळावर सांडतो.

हा विषय आताच विचारात घेण्याचे कारण उघड आहे. २०१५ साली निघालेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्यापूर्वी विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी व विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी संपला होता. आधार संपला म्हणजे यंत्र बंद पडत नाही. ते पूर्वीप्रमाणेच चालते. मात्र नव्याने उघडकीस येणाऱ्या सुरक्षेच्या उणिवा बुजविणाऱ्या दुरुस्त्या त्यास मिळत नाहीत. घरगुती वापराच्या यंत्रांकरिता वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही ठरविली गेली. ज्या यंत्रावरून विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती व शिष्यवृत्तीची माहिती भरली जाते, त्या यंत्राच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ मानता येत नाही. केवळ गणिताचे खेळ दाखविणारे आणि इंटरनेटला न जोडलेले एखादे जुने यंत्र असेल, तर ते आहे तसे चालू ठेवण्यास हरकत नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री, येणाऱ्या लहान दुरुस्त्या निराळ्या आणि एका विंडोजवरून दुसऱ्या विंडोजवर जाणे निराळे, हा भेदही ध्यानात घ्यावा. लहान दुरुस्त्यांनी प्रोग्राम मोडण्याचा प्रसंग क्वचित येतो. त्या रोखून धरू नयेत. येथे विचार करावयाचा तो मोठ्या बदलाचा.

मोठा बदल दोन रीतींनी होतो. पहिल्या रीतीत जुन्या विंडोजच्या जागी नवी बसते आणि फाइली व प्रोग्राम जागच्या जागी राहतात. बसविणारा प्रोग्राम ‘काय राखावयाचे?’ असे विचारतो, तेव्हा फाइली व प्रोग्राम दोन्ही राखण्याचा पर्याय निवडावा लागतो. दुसऱ्या रीतीत डिस्क पुसून सर्व नव्याने बसविले जाते. बाजारात या दुसऱ्या रीतीस ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात, आणि शब्दातील हिंसा येथे अगदी यथार्थ आहे. नांदगावी किंवा मनमाडास दुरुस्तीसाठी नेलेले यंत्र दोन तासांत ‘एकदम नवे’ होऊन परत येते. पण डेस्कटॉपवर ठेवलेली सात वर्षांची निकालपत्रके त्याबरोबर गेलेली असतात. यात कारागिराचा दोष असतोच असे नाही. त्यास कोणी काही सांगितलेले नसते, आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग आहे हे शाळेतही कोणास ठाऊक नसते.

एक अडचण अशी आहे की, पहिली रीत प्रत्येक यंत्रावर शक्य नसते. विंडोज १० पर्यंतच्या प्रणाली ३२ बिटी व ६४ बिटी अशा दोन प्रकारच्या येत. विंडोज ११ केवळ ६४ बिटी आहे. ज्या यंत्रावर ३२ बिटी विंडोज आहे तेथे प्रोग्राम राखून नवी प्रणाली बसविता येत नाही. सर्व नव्यानेच करावे लागते. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या क्रमाने गेल्यास ‘सिस्टिम टाइप’ या शब्दांपुढे ही माहिती मिळते. शिवाय विंडोज ११ ला किमान ४ जीबी स्मरण, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाचा सुरक्षाविषयक घटक लागतो. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांपैकी बहुतेक आठव्या पिढीपासून पुढचेच तीस चालतात. सामान्यपणे २०१८ च्या पूर्वी खरेदी झालेले यंत्र या कसोटीस उतरत नाही. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा विनामूल्य प्रोग्राम चालविल्यास यंत्र पात्र आहे की नाही, व नसल्यास कशामुळे, हे कळते. कधी कधी टीपीएम यंत्रात असूनही बंद ठेवलेला असतो. तो यंत्र सुरू होतानाच्या मांडणीतून चालू करता येतो. अपात्र यंत्रावर युक्तीने विंडोज ११ बसविण्याचे मार्ग पुष्कळांस माहीत असतात. तथापि अशा यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. तेव्हा ज्या सुरक्षेसाठी हा सर्व खटाटोप करावयाचा तीच अनिश्चित राहते. शाळेच्या यंत्रावर हा प्रयोग करू नये.

आता प्रोग्रामांकडे वळावे. ३२ बिटी प्रोग्राम ६४ बिटी विंडोजवर बहुधा चालतात. त्यासाठी प्रणालीत स्वतंत्र सोय आहे. मात्र दोन भिंती ओलांडता येत नाहीत. पहिली भिंत १६ बिटी प्रोग्रामांची. डॉसच्या काळातील व विंडोज ३.१ च्या काळातील प्रोग्राम ६४ बिटी विंडोजवर मुळीच चालत नाहीत. यात फसगत अशी होते की, काही जुन्या शैक्षणिक सीडींवरील मुख्य प्रोग्राम ३२ बिटी असतो, पण तो बसविणारा भाग १६ बिटी असतो; त्यामुळे प्रोग्राम चालण्यासारखा असूनही बसतच नाही. डॉसचे प्रोग्राम डॉसबॉक्स या विनामूल्य साधनात चालविता येतात. दुसरी भिंत चालक प्रोग्रामांची, म्हणजे ड्रायव्हरांची. ३२ बिटी ड्रायव्हर ६४ बिटी प्रणालीत चालत नाही. यामुळेच प्रिंटर, स्कॅनर व अंगठ्याचे ठसे घेणारी यंत्रे ही बदलानंतर प्रथम मुकी होतात. प्रिंटरच्या पाठीवरील नमुना क्रमांक लिहून घेऊन त्याचा ६४ बिटी ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर आहे की नाही, हे बदलाच्या आधी पाहावे. आधी पाहण्यास दहा मिनिटे लागतात. नंतर पाहिल्यास दाखले छापण्यासाठी तालुक्याच्या गावी खेप घालावी लागते.

सरल, यूडायस प्लस, शालार्थ ही कामे ब्राउझरमधून होतात. त्यांस कार्यप्रणालीच्या बदलाने अपाय होत नाही. त्यांच्या फाइली यंत्रात नसतातच. इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर मात्र विंडोज ११ मध्ये स्वतंत्रपणे नाही. एखादे जुने संकेतस्थळ त्याच्याशिवाय उघडत नसेल तर एज ब्राउझरमध्ये ‘आयई मोड’ ही तरतूद आहे.

एक्सेलमधील निकालपत्रके व पोषण आहाराचे हिशेब यांबाबत थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. यांतील कित्येक पत्रके होतकरू शिक्षकांनीच तयार केली आणि ती हातोहात केंद्रोकेंद्री पसरली. ज्यांत केवळ सूत्रे आहेत ती पत्रके कोठेही चालतात. ज्यांत मॅक्रो, म्हणजे बटण दाबताच आपोआप होणाऱ्या क्रिया घातलेल्या आहेत, ती नव्या ऑफिसमध्ये दोन कारणांनी अडतात. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो २०२२ पासून ऑफिस आपणहून रोखून धरते. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ केल्यास ती अडचण दूर होते. अर्थात फाइल कोणाकडून आली हे नक्की माहीत असेल तरच असे करावे. दुसरे कारण असे की, ३२ बिटी ऑफिससाठी लिहिलेल्या काही मॅक्रो ६४ बिटी ऑफिसमध्ये चालत नाहीत. ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटी ऑफिस बसविता येते, हे पुष्कळांस माहीत नसते. जुन्या मॅक्रोंची गरज असल्यास तसे करावे.

लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या त्या काळात घेतलेल्या पुष्कळ पाठांच्या सीडी फ्लॅश या तंत्रावर आधारलेल्या होत्या. ॲडोबी कंपनीने फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबविला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातून पाठ उघडणेही रोखले. पाठ त्या दिवशी उघडेनात तेव्हा दोष यंत्राचा, विजेचा किंवा सीडीचा मानला गेला आणि कित्येक संच कपाटात गेले. वस्तुतः पाठांच्या फाइली शाबूत होत्या. अशा संचात ‘एसडब्ल्यूएफ’ अशा शेपटाच्या फाइली असतील तर ‘रफल’ या मुक्त प्रोग्रामात त्यांतील बऱ्याच पुन्हा चालतात. गावकऱ्यांच्या पैशातून घेतलेला तो संच भंगारात देण्यापूर्वी हा एक प्रयत्न जरूर करून पाहावा.

परंतु खरी जोखीम या कशातही नाही. ती आहे जुन्या मराठी लेखनात, आणि म्हणून तिचा विचार सावकाशीने करावयास हवा.

संगणक अक्षर ओळखीत नाही. तो क्रमांक ओळखतो. प्रत्येक अक्षरास एक क्रमांक दिलेला असतो आणि फाइलीत तो क्रमांकच साठविला जातो. आज प्रचलित असलेल्या युनिकोड या पद्धतीची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत देवनागरीस स्वतंत्र क्रमांक आहेत. ‘क’ चा क्रमांक जगातील कोणत्याही युनिकोड यंत्रावर ‘क’ च दाखवितो. त्याच वर्षी भारतीय मानक संस्थेने इस्की या नावाने भारतीय लिप्यांचे मानक प्रसिद्ध केले होते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्र पुढे आणले होते. परंतु विंडोजमध्ये देवनागरीचा अंगभूत आधार आला तो विंडोज २००० पासून, आणि सामान्य कचेऱ्यांत व शाळांत तो रुळण्यास आणखी पुष्कळ वर्षे लागली. तोपर्यंतचे मराठी लेखन बव्हंशी एका युक्तीवर चालले. सी-डॅकचा आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी व तत्सम प्रोग्रामांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसविलेले फॉण्ट वापरले जात. फाइलीत क्रमांक इंग्रजी अक्षराचा, पडद्यावर चित्र मराठी अक्षराचे. फॉण्ट यंत्रात आहे तोवर ‘पाटील’ हे नाव ‘पाटील’ दिसते. फॉण्ट गेला की तेथे इंग्रजी अक्षरे, चिन्हे व टिंबे यांची खिचडी दिसू लागते.

अशी खिचडी दिसली म्हणजे ‘फाइल खराब झाली’ असा निष्कर्ष काढून ती पुसली जाते. ही सर्वांत मोठी चूक होय. फाइलीस काहीच झालेले नसते. तिच्यातील क्रमांक जसेच्या तसे असतात. हरवलेला असतो तो फॉण्ट. पोत्यावरची चिठ्ठी निघून गेली म्हणून आतले धान्य कोणी फेकून देत नाही.

यावर उपाय तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी अशी की, बदलाच्या आधी जुन्या यंत्रातील विंडोजच्या फॉण्ट फोल्डरमधून सर्व जुने मराठी फॉण्ट उचलून पेनड्राइव्हवर घ्यावेत. हे जुने ट्रूटाइप फॉण्ट विंडोज ११ मध्येही बसतात आणि चालतात. म्हणजे जुनी फाइल वाचता येईल, छापताही येईल. पण तीत बदल करता येईलच असे नाही. कारण कळफलक दाबल्यावर योग्य ते चित्र उमटविणारा जो प्रोग्राम होता, तो नव्या प्रणालीत कदाचित चालणार नाही. काही प्रोग्रामांस तर यंत्रास जोडलेली एक लहानशी कुलूपकळ लागे, तिचा ड्रायव्हर मिळणेही दुरापास्त असते. दुसरी पायरी अशी की, जुना प्रोग्राम चालू आहे तोवरच महत्त्वाच्या प्रत्येक फाइलीची पीडीएफ प्रत काढावी. पीडीएफमध्ये फॉण्ट फाइलीबरोबरच बांधला जाऊ शकतो. तो बांधला गेला आहे याची खात्री दुसऱ्या यंत्रावर उघडून करून घ्यावी. ही प्रत म्हणजे मूळ मजकुराचे छायाचित्र. पुढे काही शंका आली तर हिच्याशी ताडून पाहता येते.

तिसरी पायरी मजकूर युनिकोडमध्ये पालटण्याची. हे काम रूपांतरक प्रोग्राम क्षणात करतात, परंतु निमूटपणे चुकतात. चुकण्याचे कारण मराठी लेखनाच्या घडणीतच आहे. जुन्या फॉण्टांत ‘किरण’ लिहिताना पहिली वेलांटी आधी साठविली जाई व ‘क’ नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडात उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी व वेलांटी नंतर असते. रफाराचे याच्या उलट: ‘शर्मिला’ या नावातील रफार दिसतो शेवटी, पण युनिकोडात तो ‘म’ च्या आधी साठवावा लागतो, आणि येथे तर रफार व वेलांटी एकाच अक्षरावर आल्या आहेत. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ यांतील अर्धा र हा मराठीचा खास आहे; हिंदीसाठी केलेल्या रूपांतरकास तो ठाऊक नसतो. ‘ऋतुजा’, ‘ज्ञानेश्वर’, ‘श्रद्धा’ ही नावेही मुद्दाम पाहावीत. एखाद्या निबंधात अशी चूक राहिल्यास वाचणारा सुधारून घेतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यात राहिल्यास तीच चूक पुढे जातीच्या दाखल्यात, आधार कार्डात आणि नोकरीच्या अर्जात जाते, आणि त्या एका वेलांटीसाठी जातेगावच्या किंवा बोलठाणच्या एखाद्या मुलीस वीस वर्षांनंतर कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. म्हणून विद्यार्थ्यांच्या याद्यांचे रूपांतर झाल्यावर विद्यार्थ्याचे नाव, आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख अंकी व अक्षरी, हे प्रत्येक ओळीत हस्तलिखित जनरल रजिस्टरशी ताडून पाहावे. एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने पाहावे ही जुनी रीत येथे सर्वोत्तम ठरते. मूळ दस्तऐवज रजिस्टर हाच आहे. संगणकातील यादी ही त्याची नक्कल.

युनिकोडात लिहिलेल्या फाइलींसही एक बारीक त्रास होतो. विंडोज ७ च्या काळात बहुतेक मराठी मजकूर ‘मंगल’ या फॉण्टात लिहिला गेला. विंडोज १० व ११ नव्याने बसविल्यास ‘निर्मला’ हा फॉण्ट मिळतो. ‘मंगल’, ‘कोकिळा’, ‘अपराजिता’ हे पूरक देवनागरी फॉण्ट म्हणून ऐच्छिक भागांतून निराळे घ्यावे लागतात. ते न घेतल्यास मजकूर वाचता येतो, पण रुंदी बदलल्यामुळे तक्ते सरकतात आणि एका पानात बसणारा दाखला दोन पानांवर जातो. उपाय सोपा आहे: सेटिंग्जमधील ‘ऑप्शनल फीचर्स’मधून हा संच मागवावा.

कळफलकाचाही विचार आधीच करावा. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट धर्तीचा मराठी कळफलक असतोच, आणि २०१९ पासून इंग्रजी उच्चाराप्रमाणे मराठी लिहिण्याचा फोनेटिक कळफलकही आला आहे. मात्र टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांचा रेमिंग्टन कळफलक त्यात अंगभूत नाही. तो निराळा बसवावा लागतो. गूगलचा जो मराठी लेखनाचा प्रोग्राम पूर्वी पुष्कळ शिक्षक विंडोजवर वापरीत, तो आता गूगलकडून उतरवून घेता येत नाही. डिस्क पुसली म्हणजे तो गेला. त्यावर अवलंबून असलेल्यांनी बदलापूर्वीच फोनेटिक कळफलकाचा सराव करावा हे बरे.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. प्रथम प्रत घ्यावी, आणि ती निराळ्या वस्तूवर घ्यावी. सी ड्राइव्हमधील फाइली डी ड्राइव्हमध्ये ठेवल्या म्हणजे प्रत झाली अशी समजूत सार्वत्रिक आहे. बहुतेक यंत्रांत सी व डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बिघडली तर दोन्ही जातात. प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी, दुसरी प्रत केंद्रशाळेत किंवा मुख्याध्यापकांच्या ताब्यात ठेवावी, आणि दोन्हींतील चार-दोन फाइली दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फॉण्ट फोल्डर, ब्राउझरमधील जतन केलेले पत्ते, आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलींची जागा, इतकी ठिकाणे न विसरता पाहावीत.

त्यानंतर यंत्रातील प्रोग्रामांची यादी करावी. नाव, आवृत्ती, सीडी कोठे आहे, नोंदणीची कळ कोठे लिहिली आहे, आणि त्याच्यावाचून शाळेचे कोणते काम अडते, इतके रकाने पुरेत. शेवटचा रकाना भरताना असे दिसून येते की, वीसपैकी पंधरा प्रोग्रामांवाचून काहीच अडत नाही. जे चार-पाच उरतात त्यांचीच काळजी वाहावयाची.

एका केंद्रातील सर्व शाळांनी एकाच वेळी बदल करू नये. शिक्षण परिषदेत ठरवून एका शाळेतील एका यंत्रावर आधी बदल करावा, त्यावर निकालपत्रक, दाखला, प्रिंटर व जुन्या मराठी फाइली चालवून पाहाव्यात आणि दोन-तीन आठवड्यांनी इतरांनी करावे. बहुतेक शाळांतील पत्रके व फॉण्ट एकाच ठिकाणाहून आलेले असल्यामुळे एकाचा अनुभव सर्वांच्या उपयोगी पडतो. वेळ दिवाळीच्या सुटीची धरावी. एप्रिलमधील निकालाचे दिवस, जूनमधील प्रवेशाचे दिवस, आणि यूडायस प्लसची मुदत संपण्याचे दिवस कटाक्षाने टाळावेत.

बदल चालू असताना वीज गेली तर यंत्र अर्धवट अवस्थेत अडकण्याचा संभव असतो. भारनियमनाचे वेळापत्रक पाहून काम सुरू करावे. यूपीएसवर भरवसा ठेवावयाचा तर तो प्रत्यक्षात किती मिनिटे टिकतो हे आदल्या दिवशी पाहावे, कारण शाळेतील पुष्कळ यूपीएस केवळ दिव्यापुरते उरलेले असतात. बसविण्याची सामग्री काही जीबीची असते. न्यायडोंगरीसारख्या गावी ती मोबाइलवरून प्रत्येक यंत्रासाठी पुन्हा उतरविण्यापेक्षा चांगले इंटरनेट असेल तेथे किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर एकदाच उतरवून घ्यावी. ती मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून घ्यावी; ‘सर्व काही आधीच घातलेली’ म्हणून हातोहात फिरणारी विंडोज शाळेच्या यंत्रात घालू नये.

पहिल्या रीतीने बदल केला असेल तर जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या नावाने डिस्कवर राखली जाते, आणि नवी न मानवल्यास १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधील रिकव्हरी या भागातून परत फिरता येते. ही मुदत विशिष्ट आज्ञेने ६० दिवसांपर्यंत वाढविता येते. ती १० दिवस उलटण्यापूर्वीच वाढवावी. जागा अपुरी पडते म्हणून ते फोल्डर पुसून टाकण्याची घाई करू नये. नवी प्रणाली सुरू होताच आधी केलेली यादी हाती घ्यावी आणि एकेक काम करून पाहावे: एक दाखला छापावा, एक जुनी प्रश्नपत्रिका उघडावी, निकालपत्रकातील एक गुण बदलून बेरीज बदलते की नाही पाहावे, प्रोजेक्टर लावून आवाज येतो का पाहावे. एखादा प्रोग्राम अडल्यास त्याच्या प्रॉपर्टीजमधील ‘कम्पॅटिबिलिटी’ या पानावर विंडोज ७ किंवा ८ निवडून पुन्हा चालवावा. कित्येकदा एवढ्यानेच काम होते.

अपात्र यंत्रांचे काय करावे हा प्रश्न उरतो. त्यांच्यावर लिनक्स जातीची मुक्त प्रणाली बसविता येते. सी-डॅकने ‘बॉस’ या नावाने अशी प्रणाली तयार केली आहे, आणि केरळ राज्यातील शाळांत मुक्त प्रणालीवरच संगणकशिक्षण चालते. लिनक्सवर युनिकोड मराठी उत्तम चालते आणि ब्राउझरमधील सर्व कामे होतात. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्राम मात्र सरळ चालत नाहीत, आणि मॅक्रो घातलेली एक्सेल पत्रकेही बहुधा अडतात. पेनड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते चालवून पाहण्याची सोय असते. त्यात डिस्कला हात लागत नाही. असे आठवडाभर वापरून मगच निर्णय करावा.

दुसऱ्या रीतीने, म्हणजे सर्व नव्याने, बसवावयाचे असेल तर सर्वांत निर्धास्त मार्ग डिस्क न पुसण्याचा आहे. जुनी डिस्क काढून घ्यावी आणि नवी एसएसडी घालून तिच्यावर प्रणाली बसवावी. यंत्र वेगवान होते हा लाभ आहेच; पण मोठा लाभ असा की, काही राहून गेल्याचे महिन्याभराने ध्यानात आले तरी जुनी डिस्क पूर्वीचे सर्व फॉण्ट, फाइली व प्रोग्राम यांसह जशीच्या तशी असते आणि पुन्हा जोडली की यंत्र पूर्वीप्रमाणे सुरू होते. कारागिरास यंत्र देताना ‘जुनी डिस्क परत पाहिजे’ असे लेखी द्यावे. परत आल्यावर तिच्यावर तारीख व यंत्राचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ती कोरड्या जागी ठेवावी आणि जडवस्तुसंग्रह नोंदवहीत तिची नोंद करावी. ज्या शिक्षकाने हे सर्व केले त्याची बदली झाल्यावर ती डिस्क म्हणजे काय हे कोणास कळत नाही. म्हणून प्रोग्रामांची यादी, फॉण्टांचा पेनड्राइव्ह व जुनी डिस्क, एक नग, अशा तीन ओळी मुख्याध्यापकांनी चार्ज यादीत स्वतंत्रपणे लिहाव्यात.